बाबांच्या मरणाची रंगीत तालीम

घर ट्रस्टमध्ये टाकायचं ठरलं आणि भोंगासाहेबांच्या पायाला भिंगरी लागली. खरं तर अशा निर्णयानंतर माणसाला हुश्श वाटायला हवं. वकीलबाईंनी सगळं नीट समजावून दिलं होतं. घर यापुढे भोंगासाहेबांचं न राहता ट्रस्टचं होईल. ते आहेत तोवर तेच विश्वस्त, त्यांच्यामागे थोरला मुलगा. धाकट्या मुलीला मरेपर्यंत घरात राहायचा हक्क, आणि ती राहते आहे तोवर घर कुणालाही विकता येणार नाही. मसुदा तयार होता, सह्या तेवढ्या बाकी होत्या. तरी हा गृहस्थ आपला या खोलीतून त्या खोलीत, जिन्याने गच्चीवर, गच्चीवरून पुन्हा खाली. जाता-येता भिंतींना हात लावून बघायचा, आणि कुणी विचारलं तर म्हणायचा, "काही नाही, ओल बघतोय."

भोंगासाहेब हे नाव त्यांना रंगाच्या कारखान्यात पडलं. आगीपासून बचावाचं खातं त्यांच्याकडे होतं. कुणाला कल्पना नसताना ते भोंगा वाजवायचे आणि सगळा कारखाना मैदानात आणून उभा करायचे. कामगार शिव्या घालायचे, मोठे साहेब अर्धवट खाल्लेला डबा हातात धरून उन्हात ताटकळायचे. पण भोंगासाहेबांचं म्हणणं एकच असायचं. जी योजना चालवून बघितली नाही, तिच्यावर माझा काडीचा विश्वास नाही. कागदावर सगळे दरवाजे उघडतात.

आता हा ट्रस्टही कागदावरचाच. त्यात धास्ती थोरल्याची. तो दातांचा डॉक्टर, दवाखाना जोरात चालणारा, माणूस हिशेबी. शेजारची दोन जुनी घरं पाडून उंच इमारती उठल्या, तेव्हा कुंपणाशी उभा राहून तो बराच वेळ त्यांच्याकडे बघत होता, हे भोंगासाहेबांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. धाकटी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला. चाळिशी ओलांडलेली, लग्न केलेलं नाही, आई गेल्यापासून वडिलांचं सगळं तिच्याच हातात, आणि भावाशी आयुष्यात कधी आवाज चढवून बोललेली नाही. आपण डोळे मिटले की हा पठ्ठ्या गोड बोलून तिला घराबाहेर काढणार आणि ती गरीब गाय निमूट निघणार, या विचाराने त्यांच्या जिवाला घोर लागला होता. कागदाने हे थांबेल का? चालवून बघितल्याशिवाय कसं कळणार?

शेवटी रविवारी त्यांनी थोरल्याला बोलावून घेतलं, दोघांना समोर बसवलं आणि जाहीर केलं, "नाश्ता झाला की मी मेलो."

"काय?" धाकटीच्या हातातला चमचा तसाच राहिला.

"सहीच्या आधी एकदा चालवून बघायचंय. संध्याकाळपर्यंत मी नाही. हा विश्वस्त, तू राहणारी. गच्ची गळायला लागलीये, मोठं काम निघालंय, आणि घसघशीत रक्कम घेऊन एक बिल्डर दारात उभा आहे. आता करा काय करायचं ते. मला विचारायचं नाही. मी त्या खुर्चीत असेन, पण नसेन."

"अहो बाबा, काहीतरीच काय!" थोरला म्हणाला.

"कारखान्यात पण सगळे हेच म्हणायचे," असं म्हणून भोंगासाहेबांनी तोंड पुसलं, खुर्चीत जाऊन बसले आणि वारले.

सुरुवातीला नुसता पोरखेळ झाला. धाकटीने सवयीने चहाचे तीन कप मांडले. थोरल्याने गंभीर चेहऱ्याने त्यातला एक उचलून परत फळीवर ठेवला, आणि दोघं तोंडावर हात दाबून लहानपणीसारखी खुसखुसली. चहाचा वास खोलीभर पसरला. मेलेल्या माणसाला चहा मिळत नाही, ही गोष्ट आधी भोंगासाहेबांच्या लक्षात आली नव्हती. त्यांनी पाय हलवला, शर्टाचं बटण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. जन्मात कधी स्वस्थ न बसलेल्या माणसाला मरण फार अवघड जातं.

मग थोरला कामाला लागला. समोरचा तोंड उघडं टाकून पडलाय आणि आपण एकट्यानेच बोलतोय, हा त्याचा रोजचा पेशा. मुक्या बापासमोर तो चांगलाच खुलला. गच्चीवर जाऊन आला, न्हाणीघराची भिंत ठोकून पाहिली, जिन्याच्या कठड्याला हिसके दिले.

"बिल्डरला आधी वाटेला लाव," तो म्हणाला. "घर विकायचा प्रश्नच येत नाही. गच्चीचं काम मी माझ्या खर्चाने करतो. अगं, या जिन्यात बसून मी डॉक्टर झालो. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, ते अजून ऐकू येतं मला. शेजारची घरं पाडली ना, तेव्हा कुंपणाशी उभा राहून रडलोय मी. बाबांना सांगायची सोय नव्हती, वेड्यात काढलं असतं."

भोंगासाहेब खुर्चीत ताडकन सरळ झाले. इतकी वर्षं ज्याच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवली, तो चोर नव्हताच. त्यांना स्वतःची लाज वाटली, पोराच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण नियम त्यांचेच होते. मनातून मात्र निश्चिंत झाले. चला, योजना पक्की आहे, कुठे भोक नाही.

"आता दर आठवड्याला मी येऊन बसत जाईन," थोरला पुढे म्हणाला. "तू फक्त इथे राहा. बाकी मी बघतो."

धाकटी कप विसळत होती. "मी नाही राहणार," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे बाबा नसतील तर मी इथे कशाला राहू?" तिने नळ बंद केला. "बंदराच्या गावी नवी प्रयोगशाळा उघडतेय. मला प्रमुख म्हणून बोलावलंय. आधी दोनदा बोलावलं होतं. दोन्ही वेळा मी नाही म्हटलं आणि बाबांना सांगितलं, जागाच रद्द झाली. आता ही शेवटची. उद्या उत्तर द्यायचंय, आणि नाहीच म्हणणार होते." ती जराशी हसली. "पण आज बाबा नाहीयेत ना? मग आज मी हो म्हणते."

"आणि हे घर?"

"तू ठेव. मला दोन खोल्या पुरतात. लिफ्ट असलेल्या, बाजूला माणसं असलेल्या." तिचा आवाज थट्टेत सुरू झाला होता, पण थट्टा केव्हाच मागे पडली होती. "मसुदा नीट वाचलास का, दादा? मी राहिले तर हक्क, सोडलं तर काही नाही. ना विकता येत, ना भाड्याने देता येत. बाबांना वाटतंय त्यांनी मला घर दिलं. बिनपगारी रखवालदार नेमलंय मला. तेही मरेपर्यंत."

भोंगासाहेब अर्धे उठले. घशातून कसलासा आवाज निघाला.

"बाबा," धाकटी मागे वळूनही न बघता म्हणाली, "तुम्ही वारलात."

ते खाली बसले. आधी राग आला. कुणासाठी केलं हे सगळं? रात्र-रात्र कुणासाठी जागलो? मग त्या रागाच्या मागून दुसरंच काहीतरी वर आलं, आणि त्याने ते फार घाबरले. वकीलबाईंनी 'मरेपर्यंत राहण्याचा हक्क' असं लिहिलं तेव्हा आपल्याला जे हायसं वाटलं होतं, ते तिच्या काळजीपोटी होतं की आणखी कशापोटी? संध्याकाळी फिरून आलं की खिडकीत दिवा असतो. जेवण गरम असतं. कुणीतरी आतून विचारतं, "आलात का?" हे सगळं कुठेही जाणार नाही, याचीच तजवीज आपण मेल्यानंतरच्या काळासाठीसुद्धा करून ठेवली होती.

"मला का नाही सांगितलंस?" थोरला हलक्या आवाजात विचारत होता.

"तू कधी विचारलंस?"

संध्याकाळ व्हायला बराच अवकाश होता, पण भोंगासाहेब उठले. "तालीम संपली," ते म्हणाले. कारखान्यात तालीम संपली की ते स्टुलावर चढून कुणाचं काय चुकलं ते खणखणीत आवाजात सांगायचे. आज ते खुर्चीची पाठ धरून हलक्या आवाजात बोलले.

"मी वकीलबाईंना फोन करतो. ते राहण्याचं कलम काढायचं. घर दोघांचं सारखं. ठेवायचं असेल तर यानं ठेवावं आणि हिचा वाटा हिला द्यावा."

"बाबा, मी तुम्ही गेल्यानंतरचं बोलत होते," धाकटी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. तिने जवळ येऊन त्यांचं उघडं राहिलेलं बटण लावलं. "उगाच मनाला लावून घेऊ नका."

"मी गेलोच होतो की."

"पण आता आहात ना."

"आहे. म्हणूनच सांगतोय. उद्या त्यांना हो म्हण."

"आणि तुमचं कसं व्हायचं?"

"माझं मी बघेन. हा दर आठवड्याला येणार म्हणतोय, तर मेल्यावर कशाला, आत्ताच येऊ दे." थोरल्याने मान डोलावली.

हे बोलताना भोंगासाहेबांनी उसनं अवसान आणलं होतं, आणि त्याच्या आड एक आशा दबा धरून होती. ती आता वाद घालेल. वेड लागलंय का तुम्हाला, म्हणेल. दोन-चार दिवस तरी कुरकुरेल, मग आपण तिची समजूत काढू, ती पुन्हा नाही म्हणेल. कुणी सांगावं, तेवढ्यात बंदराच्या गावची जागा तिसऱ्यांदाही हातची जाईल. हे मनात आलं त्याचीही त्यांना शरम वाटली, पण आलं होतं खरं.

"तिथे हजर कधी व्हायचंय?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"एक तारखेला," धाकटी म्हणाली. ती क्षणभरही थांबली नाही. "दोन दिवस आधी निघाले तर खोली लावून होईल. सामान फारसं नाहीच, दोन बॅगा बास होतील. खोली प्रयोगशाळेच्या मागेच आहे, चालत पाच मिनिटं, दुसरा मजला, समोर पाणी दिसतं."

बोलता बोलता तिचा चेहरा असा काही खुलला की थोरला तिच्याकडे बघतच राहिला.

"छान," ते म्हणाले. आणि आपला आवाज नीट उमटला नाही असं वाटून पुन्हा एकदा, जरा मोठ्याने म्हणाले, "छान."