पूजेबाहेरचा पाना

धाकूचा हात आधी उठायचा आणि डोकं मागून यायचं. लग्न होऊन विमला त्याच्या बोरीवलीच्या खोलीत आली, त्या वर्षीच त्याने तिला एकदा थोबाडीत दिली होती. आमटी अळणी झाली, एवढंच कारण. विमला रडली नाही. स्टोव्हवर तापलेलं उलथनं उचलून तिने त्याच्या उजव्या मनगटावर टेकवलं आणि म्हणाली, "ह्यो हात परत माझ्यार पडलो, तर फुडच्या टायमाक तोंडार ठेवीन." मनगटावर बोटभर डाग राहिला. तो हात तिच्यावर पुन्हा कधी पडला नाही. चाळीतल्या बायका पुढे कितीतरी वर्षं ही गोष्ट नव्या सुनांच्या कानावर घालत असत.

बाहेर मात्र तो हात पडतच राहिला. गिरणीच्या संपात चोरून कामावर निघालेल्या एकाचा जबडा त्याने नाक्यावर फोडला. त्यापायी लॉकअपमध्ये राहून आला, आणि सुटताना फौजदाराने विमलेला बाजूला घेऊन बजावलं, "बाई, या माणसाच्या हातून एक दिवस खून होणार. तेव्हा मी पण काही करू शकणार नाही." हे वाक्य विमलेच्या डोक्यातून कधी गेलं नाही. धाकू कुठे उशीर करून आला की ती आधी त्याच्या शर्टाच्या बाह्या बघायची आणि मग जेवायला वाढायची.

संप चिघळला, गिरणी गेली ती गेलीच. मालकाने फसवलं, पुढाऱ्यांनी वाऱ्यावर सोडलं, गावच्या चुलत्याने वाटणीतली कलमं परस्पर विकली. धाकूचा माणसांवरचा विश्वास असा उडाला की रॉकेलवाला माप ओतताना हा खाली वाकून बघायचा. शेवटी विमलेच्या पाटल्या मोडून आणि गावची जमीन काढून त्याने काळी-पिवळी टॅक्सी घेतली, ती कोरी, मालाडच्या एजन्सीतून. आणि गंमत बघा, ज्याचा कुणावरच भरवसा नव्हता, त्याने त्या एजन्सीवर देवासारखा भरवसा टाकला.

त्याला कारण होतं. तिथे नंदकिशोर म्हणून एक तरुण सुपरवायझर होता, पांढऱ्या शर्टातला, गोड बोलणारा. धाकू ऑईल बदलायला गेला की तो उठून उभा राहायचा. "या धाकूशेठ, बसा. अरे, शेठना चहा आणा." गिरणीत सगळी उमेद घालवली, पण धाकूला कुणी खुर्ची दिली नव्हती. तो त्या खुर्चीत ताठ बसायचा, बशीत ओतून चहा प्यायचा. तोवर आत अंबादास मेस्त्री खालचा नट सोडून काळं झालेलं तेल काढायचा, वर नवं मधासारखं तेल ओतायचा.

गल्लीच्या तोंडाशी बाळचं गॅरेज होतं. तो धाकूला टोचायचा.

"धाकूदादा, तेलच तर बदलायचंय ना? त्यासाठी मालाड कशाला गाठतोस? मी करून देतो की झकास."

"तुझ्या डब्यात तेल किती आणि रॉकेल किती, ता देव जाणे."

"आणि तिकडे काय गंगाजल ओततात?"

"तिकडे कंपनीची माणसा आसत. तुझ्यासारखो विडी ओढत नाय कोण गाडीखाली."

एक गोष्ट मात्र धाकू स्वतः करायचा. रोज सकाळी दातवण झालं की टॅक्सीचं बॉनेट उघडून तेलाची पट्टी ओढायची, फडक्याने पुसायची, परत बुडवून उजेडात धरायची. तेल खुणेवर दिसलं की पट्टी कपाळाला लावून पुन्हा आत. विमला दारातून बघायची आणि हसायची. देवाला नमस्कार चुकेल, पण ही पट्टी चुकायची नाही.

त्या वर्षी दसरा आला. धाकूच्या मनात आलं की पूजेआधी गाडीला नवं तेल घालावं. देवाला आंघोळ घातल्याशिवाय गंध लावतो का आपण? तशीच गाडी. त्याच्यासारख्या कितीतरी टॅक्सीवाल्यांच्या मनात नेमकं तेच आलं होतं. खंडेनवमीच्या सकाळी एजन्सीच्या दारात गाड्यांची रांग लागली. नंदकिशोर सगळ्यांना हसून सांगत होता, "ठेवून जा. हत्यारं पूजेला बसायच्या आत करून ठेवतो. उद्या हार घालूनच न्या."

खंडेनवमीला हत्यारं पूजेला बसली, की दसऱ्याची पूजा उतरेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. सुतार करवत उचलत नाही, न्हावी वस्तरा उचलत नाही. शिंप्याच्या मशीनवर कितीही घाईचं कापड असो, चाक फिरत नाही. हे त्या वर्कशॉपातल्या झाडून सगळ्यांना माहीत होतं, आणि धाकूलाही.

दसऱ्याला सकाळी विमला नवी जरीकाठी नेसून धाकूबरोबर मालाडला गेली. तिथून दोघं तसेच अंधेरीला जाणार होते, तिच्या भावाकडे, दशरथकडे, सोनं द्यायला. टॅक्सी दारात नवरीसारखी उभी होती. बॉनेट आणि पुढची जाळी यांच्या सांध्यावर अंबादास मेस्त्रीने ओल्या कुंकवाचं मोठं स्वस्तिक काढलं होतं. आत समोरच्या फळीवर गणपतीच्या तसबिरीला झेंडूचा जाड हार घातला होता, तो खाली काचेच्या मीटरवर ओघळला होता. चाकांखाली लिंबं. लाऊडस्पीकरवर आरती.

धाकू सवयीने बॉनेटकडे गेला. हात पुढे केला आणि थांबला. बॉनेट उघडलं की स्वस्तिक मधोमध चिरणार.

"काय झाला?" विमलेने विचारलं.

"पट्टी बघूची रवली."

"मोडू नकात ता. दसऱ्याचा स्वस्तिक मोडतत काय?"

नंदकिशोरने खांद्यावर हात ठेवला. "धाकूशेठ, कालचं आपल्या हातचं काम आहे. आज तरी विश्वास ठेवा."

धाकू हसला, गाडीला नमस्कार करून बसला. लिंबं फट्‌कन फुटली. विमलेने मागे वळून पाहिलं, तर वर्कशॉपच्या कोपऱ्यात लाल कापडावर पाने, हातोडे, पकडी, तेल ओतायचा पंप, सगळं रांगेत मांडलेलं, हळदीकुंकू लावलेलं. तिला ते फार छान वाटलं. घरात लक्ष्मी बसल्यासारखं.

हायवेला लागल्यावर गाडीतून टकटक असा आवाज यायला लागला. खिडक्या उघड्या, नाक्यानाक्यावर ढोलताशे, म्हणून धाकूला वाटलं बाहेरचाच असेल. मग जळका वास आला. विमलेला वाटलं उदबत्तीचा. समोर मीटरमध्ये तेलाचा लाल दिवा पेटला होता. तो झेंडूच्या हाराखाली पेटत राहिला आणि दोघांनाही दिसला नाही.

जोगेश्वरीच्या अलीकडे इंजिनातून एकच कडाड असा आवाज आला, जणू कुणी आतून घण घातला. मागची चाकं जागच्या जागी आवळली. टॅक्सी आडवी फिरली. मागून आलेल्या लॉरीने तिचा मागचा कोपरा उडवला आणि गाडी दुभाजकावर आदळली. विमलेचं कपाळ काचेवर फुटलं. डावा हात फळीखाली दाबला गेला, आत काहीतरी मोडलेलं तिला कळलं. डोळ्यात रक्त उतरलं, सगळं लाल झालं, कुठलं कुंकू आणि कुठलं रक्त ते समजेना.

धाकूने तिला ओढून बाहेर काढलं, रस्त्याकडेला बसवलं, स्वतःचा शर्ट फाडून तिच्या डोक्याला बांधला. मग तो गाडीकडे गेला. बॉनेट उचकटून उघडलं. स्वस्तिक मधोमध चिरलं. त्याने पट्टी ओढली.

पट्टी कोरडी होती. टोकाला जळून चिकटलेला एक काळा ठिपका, बस्स. त्याने ती उजेडात धरली, दोनदा उलटी-सुलटी केली. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते विमलेने संपातसुद्धा पाहिलं नव्हतं. तो ओरडला नाही, शिवी दिली नाही. डिकीतून त्याने चाकाचे नट सोडवायची टॉमी काढली, हातभर लोखंड, आणि एका रिक्षाला हात केला.

"खंय चललात?" विमला उठली.

"तू हय बस. दशरथाक निरोप धाडतंय."

"मी येतंय."

"विमले, बस म्हटलंय ना!"

ती रिक्षात चढून बसलीसुद्धा. कपाळातून रक्त, डावा हात मांडीवर मेल्या माशासारखा. तिला फौजदाराचे शब्द आठवत होते. रिक्षावाला वळून म्हणाला, "बाईंना आधी दवाखान्यात..." "मालाड!" धाकू म्हणाला. वाटभर विमला बोलत राहिली, विनवत राहिली, त्याच्या गुडघ्यावर उजव्या हाताने मारत राहिली. त्याला ऐकूच येत नव्हतं.

एजन्सीत जिलेबी-फाफड्याच्या ताटल्या फिरत होत्या. नंदकिशोरने काचेच्या दारातून धाकूला येताना पाहिलं. त्याला दिसला तो फक्त धाकू, हातातली टॉमी दिसली नाही. आपट्याची पानं पुढे करत तो म्हणाला, "या धाकूशेठ, सोनं घ्या..."

टॉमी दारातून आली. काच फुटून फरशीभर सांडली. दुसरा घाव नंदकिशोरच्या खांद्यावर बसला, आणि ओली फांदी मोडल्यासारखा आवाज झाला. तो खाली बसला, तोंड उघडं, आवाज नाही. पांढरा शर्ट काचांनी लाल होत गेला.

"धरा रे त्याला!" मेकॅनिक धावले. ते सातआठ जण, हा एकटा. एकाने मागून मिठी मारली, त्याचं नाक धाकूच्या डोक्याच्या एका धडकेत फुटलं. दुसऱ्याच्या गुडघ्यावर टॉमी बसली, तो आईच्या नावाने ओरडत कोलमडला. बाकीचे बुक्क्यांनी, लाथांनी त्याला मारत होते, त्याच्या बरगड्यांत, पाठीत, आणि तो मार खात पुढे सरकत होता. कोपऱ्यातल्या लाल कापडावर लोखंडाची आख्खी रास मांडली होती. मेकॅनिकांपैकी एकानेही तिच्याकडे हात नेला नाही. कुणाच्या मनातही आलं नाही.

"तेल कोणी घातला नाय? कोणी?"

"याने!" नंदकिशोर फरशीवरून किंचाळला. त्याने चांगल्या हाताने अंबादास मेस्त्रीकडे बोट केलं. "याचं काम होतं! मी काय गाडीखाली जातो का?"

अंबादास पळाला नाही. हात जोडून उभा राहिला. "दादा, जुनं तेल मीच काढलं. नट बसवला. नवं ओतायचं, तेवढ्यात गुरुजी आले, घाई करायला लागले. मुहूर्त टळेल म्हणाले. पंप पूजेला बसला. कुंकू लागल्यावर हात कसा लावायचा? म्हटलं, उद्या पूजा उतरली की पहिली हीच गाडी. सकाळी घरच्या पूजेतून येतो तर साहेबांनी गाड्या पुढे काढून हार घातलेले. मला वाटलं, कुणीतरी डब्याने ओतलं असेल. दसऱ्याच्या दिवशी तोंडातून वाईट कसं काढायचं, म्हणून विचारलं नाही."

"आणि स्वस्तिक काढलंस. माझ्या गाडीर."

"काढलं, दादा."

टॉमी त्याच्या कानशिलावर बसली. कान फाटून लोंबला. अंबादास गुडघ्यावर आला, मग हातांवर, रक्ताची धार काचांवर पडत होती. धाकूने त्याच्या पाठीवर पाय दिला, दोन्ही हातांनी टॉमी डोक्याच्या वर नेली आणि मानेवर नेम धरला. आसपासचे मागे सरले. तो घाव कशाचा असणार हे सगळ्यांनाच कळलं होतं.

विमला लाल कापडापाशी पोहोचली होती. डावा हात निकामी. उजव्या हाताने तिने रांगेतला सगळ्यात मोठा पाना उचलला. वरची झेंडूची फुलं गळून पडली, हळद तिच्या तळव्याला लागली. ती धाकूच्या बाजूला आली आणि त्याच्या उजव्या मनगटावरच्या डागावर, तिने स्वतः दिलेल्या डागावर, अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून तो पाना घातला.

हाड मोडलेलं सगळ्यांनी ऐकलं. टॉमी सुटून अंबादासच्या बाजूला आदळली. धाकू मनगट पोटाशी धरून वाकला आणि बायकोकडे बघत राहिला, लहान मूल बघतं तसा.

आरतीची तबकडी संपून खरखरत होती. फरशीवरून अंबादासने मान उचलली. कान धरलेला, तोंडात रक्त, आणि तो म्हणाला काय तर, "बाई... पूजेतला पाना उचललात?"

"म्हायत आसा माका," विमला म्हणाली. तिला धाप लागली होती. "काल तुमच्यातल्या एकान पंप उचललो असतो, तर आज माका ह्यो उचलूक लागलो नसतो."

नंदकिशोर कण्हत होता.

पोलीस आले, पण प्रकरण तिथल्या तिथे मिटलं. बिनतेलाची गाडी हार घालून रस्त्यावर सोडली, हे मालकाला कागदावर नको होतं. धाकूला चौकी नको होती. मालकाने दुसरं इंजिन बसवून दिलं. नंदकिशोरचा खांदा सांधला. अंबादासचा कान टाके घालून जागेवर आला, जरासा वाकडा, आणि तो नोकरी सोडून मुलुंडला कुठेसा निघून गेला.

इस्पितळात दोघांना शेजारी शेजारी बसवून प्लास्टर घातलं, तिच्या डाव्या हाताला, त्याच्या उजव्या. तेव्हा कुठे विमलेच्या लक्षात आलं की पाना अजून तिच्या मुठीत आहे. रिक्षात, इस्पितळात, सगळीकडे ती तो घेऊनच फिरली होती. नर्सने एकेक बोट उलगडून तो काढला.

"मोडलंस माझो हात," धाकू म्हणाला.

"होय."

"टॅक्सी कशी चलवूची?"

"फासार लटकल्यावर चलवली असतीत काय?"

मग चांगल्या हाताने त्याने तिच्या कपाळावरची पट्टी सरळ केली.

मनगट पुढे नीट वळलं नाही. मूठ पूर्ण मिटेना, त्यामुळे कुणाला मारायचं म्हटलं तरी जमेना, आणि हळूहळू त्याला तसं वाटेनासंही झालं. तेल बदलायला तो बाळकडे जायला लागला. बाळ गाडीखाली विडी ओढायचा, हा शेजारी उकिडवा बसून शिव्या घालायचा. रोजची पट्टी आता डाव्या हाताने.

दर दसऱ्याला घरात हत्यारं पूजेला बसली, विळी, कोयता, धाकूचे पाने, की विमला सगळ्यांना हळदीकुंकू लावायची. तो मोठा पाना मात्र ती पूजेला बसवत नसे. दाराच्या मागे खिळ्याला तसाच अडकवलेला असायचा, कोरडा, फुलाशिवाय. पुढे मुलाचं लग्न झाल्यावर एकदा नव्या सुनेने तो चुकून लाल कापडावर ठेवला. विमला काही बोलण्याआधी धाकूच उठला, डाव्या हाताने तो उचलला आणि परत खिळ्याला लावून आला.