हरणीसाठी चूल

धुळा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उकिडवा बसला आणि आत चुलीकडे बघत राहिला.

"पोरीच्या बापागत काय न्याहाळतोयस रं?" नाथाजी म्हणाला. "कुत्रीच द्यायचीया न्हवं?"

"पोर बरी, आण्णा. नांदती तरी. ही कारवानी, शिकारी कुत्र्यांची जात. न्हाई पटलं तर सांगून जात न्हाई."

हरणी अंगणात उभी होती. लांब पाय, आत गेलेलं पोट, नजर बांधापलीकडे. नाथाजीने सकाळीच बायकोची, शालूबाईची, पितळी घासून तिच्यासाठी पाणी ठेवलं होतं. हरणीने ते हुंगलंही नव्हतं.

धुळा जतकडचा धनगर. बहात्तरच्या दुष्काळात त्याची निम्मी मेंढरं गेली, पण कुत्री त्याने विकली नाहीत. ऊस तुटला की दरवर्षी तो कऱ्हाडाखाली नाथाजीच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला यायचा. तेव्हा शालूबाई त्याच्या कुत्र्यांनाही गरम भाकरी घालायची. गेल्या श्रावणात ती गेली. यंदा धुळा आल्याआल्या नाथाजीने त्याच्याकडे कुत्री मागितली होती.

"बांधून ठेवाल?"

"साखळी आणलीया."

"मग मरंल. ही भुकत न्हाई. हाक मारली तर मनात आलं तरच यील. ससा दिसला की सुटली. आन् पावसाळ्यात तुमच्याकडं पुन्हा चौफेर ऊस. नजरंनं शिकार करनारी ही, उसात हिला काय दिसनार?"

"मला कुठं शिकार करायचीया?" नाथाजी म्हणाला. "घरात कोनतरी उठाय-बसाय पायजे रं."

धुळाने मान चुलीकडे वळवली. मग म्हणाला, "आमच्यात जनावर देताना चुलीभवती फिरवत्यात. ऊब लागली की ते घर धरतं. पर तुमची चूल..."

शालूबाई गेल्यापासून चूल पेटलीच नव्हती. भाकरी धाकट्या भावाच्या घरून यायची; आज कुत्री येणार हे त्याने तिथे सकाळीच सांगितलं होतं.

"पेटवतो की," म्हणत नाथाजी उठला. त्याने कवळाभर उसाचं वाळलेलं पाचट आणून चुलीत कोंबलं. जन्मात त्याने कधी चूल पेटवली नव्हती. धुळा हरणीला मानेला धरून आत घेऊन आला, तोवर पाचट भडाडलं आणि घरभर धूर झाला. हरणी हिसडा मारून बाहेर पळाली. धूर विरला तेव्हा चुलीत नुसती काळी राख होती.

"लाकूड घालाय लागतंय, आण्णा."

"ती घालायची," नाथाजी म्हणाला.

हरणी बांधावर उभी होती. पलीकडच्या रानात मेंढरं होती, तोंड तिकडे. नाथाजीने हाक मारली. पुन्हा मारली. तिने कानही हलवला नाही.

"ऱ्हाऊ द्या चार दिस. बगू," धुळा म्हणाला.

"नगं. ती हितं बसून तिकडंच बघत ऱ्हाईल. एका घरात दोघांनी कशाला दाराकडं बघत बसायचं? जा घिऊन."

धुळाने शीळ घातली. हरणी त्याच्या पुढे पळत गेली.

दिवेलागणीला भावाकडून भाकरीचं फडकं आलं. नाथाजीने गाठ सोडली. रोज दोन असायच्या, आज तीन होत्या. तिसरी त्याने पुन्हा फडक्यात बांधली. पितळीतलं पाणी ओतलं, पितळी धुतली आणि फळीवर होती तिथे पालथी घालून ठेवली.