खालून गळणारे रॅप

"आई, खालून गळतंय," धाकटी म्हणाली.

"मग खाली ताटली धर."

"ताटली धरली तर रॅप कुठल्या हातानं धरू? एका हातानं खालून सुटतोय."

प्रश्न रास्त होता, म्हणून मी उत्तर दिलं नाही. आई झाल्यावर माणूस एवढं शिकतोच. तव्यावर खिमा तडतडत होता, कांदा चिरून डोळे चुरचुरत होते, आणि धुलाईघरातून येऊन मला वीस मिनिटंही झाली नव्हती. पायातले बूटसुद्धा तसेच होते.

बुधवारी हे असंच असतं. हॉस्पिटलच्या धुलाईघरात बुधवारी तीन वॉर्डांच्या चादरी एकदम येतात. दिवसभर उभं राहून दुसऱ्यांचे डाग काढायचे, आणि घरी आल्यावर "आज काय?" या प्रश्नाला तोंड द्यायचं. आज थोरलीनं सकाळीच फर्मान काढलं होतं, बर्गर. खिमा आणला, चीज आणलं, व्हिनेगरमधल्या काकडीची बाटली आणली, आणि पाव आणायचा विसरले. बाईसाहेब दुकानापर्यंत जाऊन पावाशिवाय परत आल्या, असं थोरली म्हणाली. पाकिटातल्या मोठ्या पातळ पोळ्या तेवढ्या फडताळात होत्या. मग म्हटलं, बर्गरच गुंडाळू पोळीत. गोळे थापायची भानगड नाही. खिमा तव्यावर मोडून परतायचा, मीठ, मिरपूड, वर चीज, कांदा, टोमॅटो, सॅलडचं पान, आणि मेयॉनीजमध्ये मोहरी कालवून केलेला सॉस. पंधरा मिनिटांचं काम.

पंधरा मिनिटांचं खरं, पण गुंडाळायला जमेल तर. पहिला रॅप धाकटीच्या मनगटावरून कोपरापर्यंत गळला. दुसरा थोरलीनं गुंडाळला, तो मधोमध चिरला. तिसरा माझा. तो उचलल्याबरोबर सगळा मालमसाला खालून सटकला आणि पोळी तेवढी हातात राहिली.

"बाबांचं ताट आत नेऊ का?" थोरलीनं विचारलं.

"ने. त्यांचं गुंडाळू नको, सुटंच वाढ. सोबत काटा दे."

आमचे हे आतल्या खोलीत जेवतात. पाच महिने झाले. दार लोटून घेतात, आणि ताट बाहेर येतं ते रिकामं, स्वच्छ. आम्ही तिघी बाहेरच्या टेबलावर. चौथ्या खुर्चीवर थोरलीचं दप्तर असतं.

यात चूक माझी होती. ती मी कुणाला सांगितलेली नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे, कारण सगळ्यांसमोरच झाली.

हे पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसवर मेकॅनिक होते. सव्वीस वर्षं. अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू गेली. पाय बराचसा परत आला, हात आला नाही. ओठाची डावी कड सुन्न राहिली. तिथं काही सांडलं, ओघळलं तरी त्यांना कळत नाही. नोकरी सुटली तेव्हा पंपहाऊसच्या लोकांनी निरोपाचं जेवण दिलं. लांब टेबल, पंधरावीस माणसं, आम्ही तिघी, समोर साहेब. हे कितीतरी दिवसांनी बोलत होते, हसत होते. पुराच्या वर्षी गळ्याएवढ्या पाण्यात उभं राहून मोटर कशी वाचवली, ते सांगत होते. सगळे कान टवकारून ऐकत होते. आणि त्यांच्या हनुवटीवर सूप ओघळलं.

माझा हात डागावर आपोआप जातो. एकोणीस वर्षांची सवय. मी रुमालाचं टोक पाण्यात बुडवलं आणि त्यांची हनुवटी धरून पुसली. लहान मुलाची पुसतात तशी. वाक्य अर्धंच राहिलं. साहेब आपल्या ताटात बघायला लागले. मोटर वाचली की नाही, हे त्या दिवशी कुणालाच कळलं नाही.

घरी आल्यावर हे एवढंच म्हणाले, "माझं ताट आत देत जा."

मी माफी मागितली नाही असं नाही. मागितली. "त्यात काय," म्हणाले. पण दार उघडलं नाही. माणूस रागावलेला असला तर समजूत काढता येते. हे रागावलेलेच नव्हते.

मागच्या महिन्यात थोरलीनं एक शक्कल काढली. सगळ्यांनी गळ्यात रुमाल बांधायचे आणि सगळ्यांनी मुद्दाम सांडायचं, म्हणजे बाबांना वेगळं वाटणार नाही. मलाही ते पटलं, काय सांगू. अक्कल गहाण टाकली होती. ह्यांना आग्रह करकरून बाहेर आणलं. धाकटीनं हनुवटीला सॉस फासून घेतला आणि लागली खायला. ह्यांनी आमच्या तिघींकडे नीट बघितलं. मग ताट उचललं आणि म्हणाले, "माझ्यासाठी नाटक नको." धाकटी रडली. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. तेव्हापासून कुणी विषय काढत नाही.

तर आज आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात काही नव्हतं. मला भूक लागली होती आणि चौथा रॅपही गळत होता.

"अगं, हे काय गुंडाळणं आहे का!" मी स्वतःवरच वैतागले. "धर धर, खालून धर. गेलं. गेलंच."

"खालचं तोंड आधी बंद केलं होतं का?"

आवाज दारातून आला. हे उभे होते. डावा हात नेहमीसारखा खिशात खोचलेला. आम्ही तिघी जागच्या जागी थांबलो. थोरलीच्या हातात त्यांचं ताट तसंच.

"केलं होतं की," मी म्हणाले. "दुमडलं होतं."

"दुमडणं म्हणजे बंद करणं नव्हे."

हा आवाज मी पाच महिन्यांत ऐकला नव्हता. पंपहाऊसवरून फोन यायचा, समोरचा म्हणायचा की सगळं घट्ट केलंय पण गळतंयच, तेव्हा हे याच आवाजात बोलायचे. जित्याची खोड, दुसरं काय. गळतंय म्हटलं की ह्यांचा पाय घरात ठरत नसे.

ते ओट्यापाशी आले. पोळीला बोट लावून बघितलं. "गार आहे. चिरणार नाही तर काय होईल? तव्यावर टाक. दहा आकडे मोज फक्त, कडक नको करू."

मी टाकली. धाकटीनं मोठ्यानं आकडे मोजले.

"आता पान खाली. सॉस खाली ओतता, मग गळणारच. आधी पान, त्यावर चीज, त्यावर खिमा. सॉस वरून. आणि एवढा खिमा नको."

"कमी घातला तर धाकटी कुरकुरते."

"दोन खाईल. कमी कर."

मी कमी केला. ह्यांनी उजव्या हातानं पोळीची खालची कड वर ओढली आणि थांबले. पुढं दोन्ही बाजू एकदम आत घ्यायला हव्या होत्या. मी बघत राहिले. मदत करू की नको, हे मला खरंच कळेना. मदतीनंच तर सगळं बिघडवलं होतं.

"डावी बाजू कोण धरणार?" ते म्हणाले. "मी आहे का चार हातांचा?"

मी डावी बाजू धरली. त्यांनी उजवी आत घेतली.

"ओढ. अगं, एवढी आवळू नको, फाटेल."

"नक्की काय ते सांगा. ओढू की सोडू?"

"धर. नुसती धर. कोंबडीची मान पिरगाळल्यासारखी नको."

"वीस वर्षं तुमच्याबरोबर काढली, कुणाची मान पिरगाळली का मी?"

"पिरगाळायचं मनात आलंच असेल," ते म्हणाले, आणि थोरली फिस्सकन हसली.

त्यांनी रॅप पुढं लोटत गुंडाळला, मी माझ्या बाजूनं सोबत गेले. मग वरून गुंडाळायचा कागद. कागदही खालून आधी. रॅप धाकटीच्या हातात दिला. तिनं तो उभा धरला आणि जोरात हलवला. आम्ही सगळे फरशीकडे बघत होतो. थेंब पडला नाही.

"बाबा, पंप पण असाच बंद करतात?"

"पंप पुरता बंद करायचा नसतो. दांडा फिरतो ना, तिथं थोडं पाणी गळू द्यावं लागतं. मिनिटाला पंधरावीस थेंब. अगदी घट्ट आवळलं की दांडा तापतो आणि जळतो. नवशिके तेच करतात."

"मग हा का नाही गळू द्यायचा?"

"कारण फरशी तुझी आई पुसते."

आम्ही आणखी तीन केले. त्यातल्या दुसऱ्या रॅपपासून त्यांना मला काही सांगावं लागलं नाही. शेवटचा त्यांचा होता. तो त्यांच्या हातात होता आणि थोरली ताट घेऊन आतल्या खोलीच्या दाराशी अजून उभीच होती, काय करावं ते न कळून. मला वाटलं, आता जातील. आजचं एवढंच, एवढं झालं तेही खूप, अशी मी मनाची तयारी करून टाकली. बसा म्हणायला जीभ वळवळत होती, पण मी ती दाताखाली धरली.

हे खुर्चीकडे बघत होते. "हे दप्तर कुणाचं?"

थोरलीनं ताट टेबलावर ठेवून दप्तर उचललं. ते बसले.

मीही बसले. कागदाचा आवाज तेवढा. मग धाकटीनं विचारलं, "बाबा, पुरात ती मोटर वाचली का हो?"

ह्यांनी घास गिळला. "वाचली. पण कशी, ते ऐक." आणि ते सांगायला लागले. पाणी गळ्यापर्यंत, वीज बंद, हातात एकच पाना. सांगता सांगता त्यांनी मोठा घास घेतला, आणि ओठाच्या डाव्या कडेतून पिवळा सॉस निघाला. हळूहळू हनुवटीपर्यंत आला. त्यांना कळलं नाही. पाना पाण्यात पडला होता आणि ते तो पायानं शोधत होते.

माझा हात टेबलावरून उठला. मी तो ओढून मांडीखाली घेतला आणि त्यावर बसले. थोरली ताटात बघायला लागली. धाकटीही. मग मीही.

ते बोलायचे थांबले. तिघी एकदम ताटात बघायला लागलो की कुणालाही कळेल.

"लागलंय ना?"

धाकटीनं माझ्याकडे बघितलं.

"विचारतोय मी."

"लागलंय," मी म्हणाले. "डावीकडे. हनुवटीला."

रुमाल त्यांच्या ताटाशीच होता, वीतभर अंतरावर. त्यांनी रुमालाकडे बघितलं, मग हातातल्या रॅपकडे. मी मांडीखालचा हात आणखी दाबून धरला.

"हा खाली ठेवला तर सुटेल," ते म्हणाले. "असू दे. खाऊन झालं की पुसतो."

आणि त्यांनी पुढचा घास घेतला.