डोळे लिहिणारीचा ब्रश

वासंतीच्या झिरो नंबरच्या ब्रशनं हरिश्चंद्ररावांनी स्वतःच्या मिशा रंगवल्या, तेव्हा ती घरात नव्हती. कारखान्याला सुट्टी म्हणून बहिणीकडे डोंगरीला गेली होती. हरिश्चंद्ररावांची जुन्या ऑफिसातली मंडळी दुपारी भेटणार होती. कलपाच्या खोक्यातला ब्रश म्हणजे झाडूच. काळं ओठांवर पसरायला लागलं. समोर वासंतीचे ब्रश पेल्यात उभे. त्यातला सगळ्यात बारीक यांनी उचलला. काम झाल्यावर कढत पाण्यात, साबण लावून खसाखसा धुतला आणि गुपचूप जागेवर ठेवला.

संध्याकाळी वासंती दारातच थांबली.

"अय्या, मिशा! सलूनमध्ये केल्या?"

"हो."

"हात चांगलाय हो त्याचा. रेघ बघा किती सरळ आलीये!"

रेघेतलं तिला कळायचंच. पेणकरपाड्याला दत्तारामच्या गणपतीच्या कारखान्यात ती मूर्तींचे डोळे लिहायची. रंग दुसरे द्यायचे, दागिने दुसरे करायचे; डोळ्यांना मात्र वासंतीकाकूच. ब्रश टेकवायच्या आधी ती ओठातल्या ओठात म्हणायची,

तुझिया डोळ्याची रेघ मी ओढीते,
श्वास मी सोडीते मागाहून.

दुसऱ्या दिवशी ती कारखान्यातून लवकर आली. चप्पल काढली आणि तशीच बसून राहिली.

"काय गं, बरं नाही वाटत?"

"पापणीची रेघ फुटली. पुसली, परत काढली, परत फुटली." तिनं उजवा हात मांडीवर पालथा ठेवला. "दत्ताराम म्हणाला, काकू, दमलात, दोन दिवस आराम करा. चांगल्या मनानं म्हणाला. पण आईचे हात याच वयात थरथरायला लागले होते, आठवतं ना? कपातला चहा बशीत यायचा."

"अगं, ब्रश खराब झाला असेल."

"ब्रशला माझ्याशिवाय कोण हात लावतंय?"

हरिश्चंद्ररावांनी चहाचा घोट घेतला.

मग रोज तेच. गोडदेवच्या दोन खोल्यांच्या घरात ती जुन्या पेपरवर रेघा ओढत बसायची. रेघ एकटी निघायची आणि अर्ध्या वाटेवर तिच्या दोन व्हायच्या. यांनी एकदाच पाहिलं आणि त्यांना सगळं समजलं. कलपानं ब्रशचे केस जळले होते, कढत पाण्यानं त्यांची जुडी सुटली होती. एक वाक्य बोलायचं होतं. पण या वयात मिशा रंगवल्या, त्याही बायकोच्या ब्रशनं, वर सलूनचं खोटं! वाक्य मिशीखालीच अडकायचं. आणि वासंती डाव्या हातानं उजवा चोळत बसायची, आजारी पोराचे पाय चोळावेत तसा.

शेवटी ते मीरारोडला रंगांच्या दुकानात गेले.

"बोलो अंकल, गिफ्ट आहे? नातवासाठी?"

"मिसेस के लिए. आर्टिस्ट है."

"अरे वा! क्या बनाती हैं?"

"डोळे. आँखें. गणपतीबाप्पा की."

दुकानदारानं हात जोडल्यासारखं केलं. "तो फिर बारीक ब्रश. पुराना कैसा था? क्या हुआ उसको?"

"झिजला," हरिश्चंद्रराव म्हणाले. आणखी एक खोटं.

त्यानं झिरो नंबरचा ब्रश काढला, पाण्यात बुडवून टोक दाखवलं. गव्हाच्या कुसासारखं. तेवढं पुरे होतं. पण अपराधी माणसाला पुरेसं ते पुरत नाही. यांनी रंगांची लाकडी पेटी घेतली, जाड कागद घेतले, घडीचा स्टँड घेतला. चकचकीत कागदात सगळं बांधून रिक्षात मांडीवर घेऊन बसले.

वासंतीनं ते उघडलं आणि तिचा चेहराच उतरला.

"कळलं तुम्हालाही," ती हळू म्हणाली. "आता डोळे जमायचे नाहीत, घरी बसून फुलं-पानं काढ म्हणून ना? बरं केलंत. दत्तारामला मी आज फोन करणारच होते. दुसरी बघ म्हणून."

तिनं फोन उचलला.

"थांब. हात चांगलाय तुझा. ब्रश मी बिघडवला. त्यानं मिशा रंगवल्या."

तिनं फोन खाली ठेवला. मग नवा ब्रश पाण्यात बुडवला, रंगाला टेकवला आणि पेपरवर एक लांब पापणी ओढली. रेघ टोकापर्यंत एकटी गेली. तिनं दुसरी ओढली, तिसरी ओढली आणि मग ती रडली.

"ब्रश गेला तर गेला," ती डोळे पुसत म्हणाली. "सांगितलं असतंत तर हसले असते मी. सगळ्या बिल्डिंगला सांगून हसले असते. पण इतके दिवस मी माझ्या हाताला शिव्या देत होते आणि तुम्ही समोर बसून चहा पीत होता!"



सकाळी ती निघाली तेव्हा म्हणाली, "चला, तुम्हीपण."

कारखान्यात सगळ्यात मोठी मूर्ती डोळ्यांसाठी अडून राहिली होती. वासंती स्टुलावर चढली. यांना तिनं मूर्तीच्या बरोबर समोर उभं केलं. दत्ताराम हसला, "काकांना काय पाहुणे म्हणून आणलं?"

"असू दे. डोळा उघडला की पहिले हेच दिसायला हवेत."

ओठ हलले, श्वास थांबला, रेघ सरकली. आत काळी बाहुली उतरली. एक डोळा उघडला आणि हरिश्चंद्ररावांकडे पाहू लागला. यांची मान आपोआप खाली गेली.

"वर बघा," वरून वासंतीचा आवाज आला. "दुसरा राहिलाय अजून."