पळणीची हाक

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेणार. लवू. आमच्या भाटवणे गावाच्या समितीचा अध्यक्ष. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही त्याची जन्माची खोड. आजवर त्या जिभेने फार तर कुणाचं जमलेलं लग्न मोडलं असेल, कुठे बांधावरून भांडण लावलं असेल. या खेपेला तिने जे केलं, त्याची लाज मला मरेस्तोवर पुरेल.

आधी पळण सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. गुहागरच्या बाजूने खाडीने आत आलं की आमचं गाव. हजारेक वर्षांपूर्वी कुठल्याशा राजाची तारवं पहाटे खाडीत शिरली, गाव लुटायला आणि जाळायला. कुठला राजा, कसलं वैर, कोणाला ठाऊक नाही. खाडीच्या तोंडावर गावाचा राखणदार बसायचा. आज बौद्धवाडीत राहतो तो जानू, त्याच्या घराण्यातला. त्याने तारवं बघितली आणि तो धावत सुटला. ज्यांच्या अंगणात पाय टाकायची त्याला बंदी होती, त्या एकेका घराच्या दारावर त्याने तळहात मारला. "उठा, तारवं आली!" माणसं उठली, पोरंबाळं आणि भाताचं बियाणं घेऊन वर कातळाच्या सड्यावर पळाली. कोणी लढलं नाही. पळाले म्हणून वाचले. शेवटचं दार वाजवून होईतो राखणदार सापडला आणि मारला गेला.

म्हणून दर पौषात एक दिवस आमचं गाव पळतं. पहाटे दारं लावून, बियाण्याचं गाठोडं मांडीवर घेऊन बसायचं. जानूच्या घरातलं माणूस येऊन दारावर तळहात मारतं, हाक देतं, तेव्हा उठायचं. सड्यावर जायचं, तिथेच झऱ्याजवळ रांधायचं, तिन्हीसांजेला उतरायचं. दार वाजल्याशिवाय कोणी बाहेर पडायचं नाही. छप्पन साली धर्म बदलला तेव्हा जानूच्या वडलांनी गावकीची सगळी कामं सोडली, ही हाक तेवढी ठेवली. म्हणाले, "ही तुमची चाकरी नव्हे. आमच्या माणसाची आठवण आहे." हे मला जानूच्या बायकोने, येसूबाईने सांगितलेलं. आमची दोघींची जुनी गट्टी. जानू पोफळीच्या वीजघरात नोकरीला होता, निवृत्त होऊन गावात आला, तेव्हापासून काजूच्या दिवसांत आम्ही दोघी एकत्रच सड्यावर जातो.

तर गेल्या वर्षी पिक्चरवाले आले. जुन्या काळातल्या मोठ्या लढाईचा पिक्चर काढायचा होता आणि त्यांना खाडी आवडली. मी तेव्हा लेकीच्या, मृणालीच्या बाळंतपणाला चिपळुणात. त्यांचा लेखक आमच्या पडवीत बसून लवूकडून गावाची गोष्ट ऐकून गेला, एवढं मला फोनवर कळलं. मी म्हटलं, बरं झालं, आपली पळण जगाला कळेल.

परत आले तर काय, सड्यावर किल्ला! प्लायवूडचा, वर प्लास्टर फासलेलं. आमच्या गावात किल्ला कधी नव्हता. मग ट्रकातून दोन हत्ती आले. अगो बाई, आमच्या खाडीच्या चिखलात म्हैस धड उभी राहत नाही, आणि तिथे हे हत्ती उतरवायला निघाले! एक हत्ती गुडघाभर रुतला, तो काढताना अर्धं गाव दोराला. तरी पोरं खूश. चिलखतं घालून रोज मरायची, जेवण फुकट. पत्र्याच्या डब्यासारखी ती चिलखतं, त्यात घामाने निथळून एकेक जण रात्री घरी यायचा. मी लवूला विचारलं, "अहो, आपल्या गोष्टीत लढाई कुठे आहे?" तर म्हणाला, "पिक्चरला थोडं मीठमसाला लागतो गो. तू आमटीत घालत नाहीस?"

यंदा मार्गशीर्षात पिक्चर लागला. दोन टेम्पो करून गाव चिपळूणला निघालं. येसूबाई यायला तयार नव्हती. मीच तिच्या दारात जाऊन बसले. "चल गो, तुझ्या माणसाचा पिक्चर आहे. तो दारं वाजवत धावतो ते बघायला तू नको?" मीच तिला हाताला धरून टेम्पोत चढवलं. जानूला पुढे बसवलं, त्यांची लेक स्नेहल चिपळुणात बँकेत आहे, ती थेट थिएटरात आली. मी येसूबाईच्या शेजारी बसले.

पडद्यावर गावाचं नाव आलं तेव्हा सगळ्यांनी शिट्ट्या मारल्या. मग आमच्या घराण्याच्या नावाचा एक वीर आला, सहा फूट उंच, दंड तेल लावून चमकवलेले. तो हत्तीच्या सोंडेवरून उडी मारतो, हवेतच दोघांना कापतो. लवू खुर्चीत पुढे सरकून बसलेला. मी हसत होते, खरंच सांगते, मजा येत होती. आणि मग रात्रीचा प्रसंग आला. खाडीच्या तोंडावर राखणदार, खांद्यावर घोंगडी, हातात घुंगरांची काठी. ती काठी कोणाच्या हातात असायची हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. शत्रूचा माणूस त्याच्यापुढे सोन्याची थैली टाकतो. तो दात काढून हसतो. आणि जाऊन किल्ल्याचा दरवाजा उघडतो.

आमचे वीर एकेक करून मेले. शेवटी तो सहा फुटी वीर मरता मरता तलवार फेकतो आणि ती फितुराच्या छातीत घुसते. थिएटरात टाळ्या! आमच्या गावच्या माणसांनीही वाजवल्या. सगळ्यांनी नव्हे, पण वाजवल्या. येसूबाईचा हात माझ्या हाताखाली होता. तिने तो हळूच काढून घेतला आणि पदराखाली ठेवला. शेवटी नावं आली, त्यात "कथेसाठी विशेष आभार" म्हणून आमच्या लवूचं नाव, ठळक. धरणी पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, ते मला त्या खुर्चीत कळलं.

परतताना जानूचं कुटुंब टेम्पोत नव्हतं. ते एसटीने आले.

घरी येऊन मी दार लावलं आणि लवूला धारेवर धरलं. "काय सांगितलंत त्या लेखकाला?"

आधी उडवाउडवी. मग बोलला. त्याने सुरुवातीला खरंच सांगितलं होतं. लेखक हसला, म्हणाला, "काका, पळणारी माणसं बघायला तिकीट कोण काढणार?" हे आमच्या अध्यक्षांना लागलं. मग पळाली ती बायकापोरं झाली, पुरुष लढले, आणि सगळ्यांत पुढे आमचा पूर्वज. लेखकाने विचारलं, एवढे शूर होते तर शत्रू आत शिरला कसा? पहाऱ्यावर कोणी नव्हतं?

"मग?"

"मग मी म्हटलं, असेल कोणी फितूर. मला काय ठाऊक ते काठी नि घोंगडी दाखवतील!"

"पहाऱ्यावर कोण होतं ते तुम्हाला ठाऊक होतं."

"पिक्चर आहे गो तो. इतिहास नव्हे."

"मग इतिहास कुठे ठेवलाय आपण? आपल्याकडे कागद आहे की ताम्रपट? दारावर पडणारा तो हात, तेवढाच आपला इतिहास. तो तुम्ही खाल्लात." मी त्या दिवशी जेवले नाही. तो जेवला.

नंतरच्या दिवसांत गावात काय काय झालं! तरुण पोरं म्हणायला लागली, आपण लढवय्यांची औलाद, आपण दरवर्षी पळतो कसले? बँकेत स्नेहलला कोणीतरी हसत विचारलं, "तुमच्या गावचा तो फितूर कुठल्या वाडीतला गो?" ती दोन दिवस कामावर गेली नाही. मला हे दुसऱ्याकडून कळलं. येसूबाई मला बघून वाट बदलत होती. मी लवूला रोज सांगत होते, जाऊन जानूचे पाय धरा, गावाच्या सभेत खरं सांगा. तो म्हणायचा, "थंड होऊ दे जरा. पळणीला येईलच तो. शेकडो वर्षांची हाक, एका पिक्चरपायी कोण सोडतं?"

पळणीची पहाट झाली. मांडीवर गाठोडं घेऊन आम्ही बसलो. कोंबडा आरवला. उजाडलं. दाराच्या फटीतून ऊन आत आलं, तरी हात पडला नाही. जानू आला नाही तर पळण संपली, हे मला कळत होतं, आणि ती कोणी संपवली हेही. शेवटी मी उठले, लवूच्या मांडीवरचं गाठोडं काढलं आणि म्हटलं, "चला. आज तुम्ही त्याच्या दारात जायचं."

जानू पडवीत खुर्ची टाकून बसला होता. येसूबाई खाली तांदूळ निवडत होती. लवू अंगणातच थांबला. दोघे एका बाकावर शिकलेले, तरी याला पायरी चढवेना.

"जानू, चुकलं माझं," लवू म्हणाला.

"मला नको सांगूस," जानू म्हणाला. आवाज चढला नव्हता त्याचा. "माझ्या माणसाने दारोदार जाऊन गाव उठवलं. तू पण दारोदार जा आणि सांग, मी खोटं बोललो. मग मी हाक देतो."

"पुढच्या सभेत मांडतो ना मी."

"दारोदार."

लवूने माझ्याकडे बघितलं. मग चपलेने माती उकरली. म्हणाला, "लोक काय म्हणतील रे," आणि वळून चालता झाला. चाळीस वर्षं संसार केला मी या माणसाबरोबर. पाठमोरा तो कधी एवढा हलका दिसला नव्हता.

मी येसूबाईपुढे बसले. रडू येत होतं. म्हटलं, "मेल्या त्या पिक्चरवाल्यांनी वाटोळं केलं गो. इतकी वर्षं आपण खरी गोष्ट जपली, आणि ह्यांनी..."

"कुठली खरी?" येसूबाईने सूप खाली ठेवलं. "वहिनी, त्याने सगळी दारं वाजवली. त्याच्या स्वतःच्या घराचं दार कोणी वाजवलं?"

तिने तांदळातले निवडलेले खडे अंगणात टाकले.

"त्याची बायको होती, पोर होतं अंगावर पिणारं. आमच्यात सांगतात. तिने धूर बघितला आणि पोर पाठीला बांधून एकटीच सडा चढली. तुमची माणसं वर पोचली होती. नवरा खाली मरून पडलेला, घसा सुकलेला. आणि तुमच्या बायका तिला झऱ्याला हात लावू देईनात. वरून ओतलं पाणी तिच्या ओंजळीत. मग लांब आइनाच्या झाडाखाली बसवली. दरवर्षी पळणीला आम्ही त्या आइनाखाली बसतो, ते का, वाटलं तुम्हाला?"

"सावलीसाठी," मी म्हणाले. खरंच मला तसंच वाटायचं. दरवर्षी मी झऱ्याजवळून तिला हात हलवायची.

मग म्हटलं, "हे तू कधी बोलली नाहीस गो."

"बोलून काय? तुम्ही सांगायच्यात ती गोष्ट त्याच्या मरणापाशी थांबायची. चांगली वाटायची तुम्हाला." तिने सूप परत उचललं. "पिक्चरवाले दोन महिने होते, वहिनी. त्यांना आमचं काही ठाऊक नव्हतं. तुम्ही तर इथलेच."

जानू दुसरीकडे बघत होता. मला काही बोलायचं होतं, यंदा आमच्याजवळ झऱ्याला बसा, असलं काहीतरी. पण ते तोंडाशी आलं आणि मला माझीच किळस आली. बसा म्हणणारी मी कोण? मी उठले.

परतीच्या वाटेवर सगळी दारं बंदच होती. आत माणसं गाठोडी घेऊन बसलेली, वाट बघत. मला वाटलं, एखादं तरी दार उघडेल, कोणीतरी विचारेल, जानू का आला नाही? कोणी विचारलं नाही. का आला नाही ते सगळ्यांना ठाऊक होतं. टाळ्या वाजवल्या होत्या त्यांनी.