वाड्याजवळ पळू नये

धनगराच्या पोराला पाय फुटले की पहिली गोष्ट शिकवतात ती ही, की वाड्याजवळ पळायचं नाही. मेंढरांच्या वाड्याकडं माणूस चालत येतो, लांबूनच हाळी देतो, आणि कुत्री अंगावर आलीच तर आहे तिथं खाली बसतो. बसलेल्या माणसाला राखणीचं कुत्रं हुंगतं आणि सोडून देतं. पळतो तो चोर, नाहीतर लांडगा, आणि त्या दोघांचं काय करायचं हे कुत्र्याला कुणी सांगावं लागत नाही. वळसंगच्या धुळाची लेक पूनम हे सगळं आईच्या दुधाबरोबर प्यायली होती. म्हणून पुढं जे घडलं त्याला तिच्यापाशी अडाणीपणाची सबब नव्हती.

पळायचं खूळ तिला लागलं ते सोलापुरात. पोस्टात काउंटरवर बसून बसून अंग सुटलं, म्हणून ती तलावाच्या कडेनं सकाळी पळायला लागली. अंगाचं जे व्हायचं ते झालं, पण पळण्याची गोडी मात्र लागली. तिथंच तिला मंडळी भेटली, दहा-बारा जण, सगळी शिकलेली, चांगल्या घरची. त्यांच्या म्होरक्या शुभदाताई. या बाई घरांचे नकाशे काढायच्या आणि त्यांची धाकटी मुलगी फ्रान्सला असायची. उन्हाळ्यात त्या तिच्याकडं राहून आल्या आणि तेव्हापासून तलावाकाठी दुसरा विषय म्हणून उरला नाही.

तिथं म्हणे गावोगाव पळायच्या वाटा आखलेल्या. झाडावर नाहीतर दगडावर पिवळा पट्टा ओढलेला असायचा, तो बघत जायचं. एका बाजूला सूर्यफुलाची शेतं, दुसरीकडं द्राक्षाचे मळे, मध्येच कालवा, त्यावर दगडी पूल, आणि वाट संपते तिथं गावातली पावाची भट्टी. शुभदाताई फोनवर एकेक फोटो दाखवायच्या आणि सगळे डोकी एकत्र करून बघायचे. कुमार नावाचा चादरींचा व्यापारी दर वेळी तोच सुस्कारा सोडायचा. "आपल्या नशिबात काय, तर खड्डे आणि डंपर."

पूनमला ते झोंबायचं. सूर्यफूल काय, द्राक्ष काय, मेंढरं काय, यातलं आपल्याकडं नाही काय? दुरून डोंगर साजरे असतात हे खरं, पण वळसंगचा माळ जवळूनही साजरा होता, निदान थंडीत तरी. एका रविवारी ती बोलून गेली, "आमच्या गावाला चला एकदा. फ्रान्स विसराल."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शुभदाताई मात्र जरा थांबल्या. "मेंढरं आहेत म्हणतेस, म्हणजे कुत्री असणार. तिकडं डोंगराच्या अंगाला पाटीच असते बघ. कळप दिसला की पळणं थांबवा, लांबून चालत जा, म्हणून. आम्ही गुपचूप वळसा घालून जायचो. इथंही तेवढं चालू की."

सांगितलं ते शहाणपणाचं होतं, आणि "हो" म्हणायला पूनमला एक शब्द पुरला असता. पण तिच्या डोळ्यांपुढं महागाचे बूट घातलेली मंडळी तिच्या बापाच्या कुत्र्यांसमोर मातीत बसलेली उभी राहिली, आणि तिचे कान तापले. "छे छे, ताई! मी आप्पांना सांगते, बांधतील ते." फ्रान्सची माणसं कुत्र्यांसाठी थांबतात, आणि आमच्या पूनमला बापाच्या कुत्र्यांची लाज वाटली. हौसेला मोल नसतं म्हणतात. भरणारा दुसरा असला की मग तर नसतंच.

शनिवारी ती गावी गेली. वाडा तेव्हा वीरभद्रप्पा नावाच्या शेतकऱ्याच्या रानात, लेंड्यांच्या खतासाठी, बसला होता. चारी बाजूंनी जाळीची वाघूर लावलेली, आत मेंढरं, आणि बाहेर दोन कुत्री पसरलेली. एक झिपरी, आता म्हातारी झालेली. दुसरा तिचाच लेक पांड्या, पांढराफटक, वासराएवढा. पांड्या पिल्लू असताना धुळानं त्याला कोकरांतच वाढवला होता. घरात भाकरी झाली की पहिली त्याची, मग माणसांची. संध्याकाळी घरी पूनमनं विषय काढला.

"बांदायची?" धुळानं असं विचारलं, जशी काही ती मेंढरांना चपला घाला म्हणाली होती.

"तासभर फक्त, आप्पा. मंडळी पुढं गेली की सोडा."

"आगं, कुत्रं बांदलं की वाडा उगडा पडला. परवाच माळावर लांडग्याची जोडी दिसलीया. कोकरं बारकी हायती आजून."

"दिवस उजाडल्यावर लांडगा येतोय व्हय?"

"उजाडतानाच येतो की. शेरात जाऊन समदं इसरलीस का काय?"

"मग वाडा हलवा दुसरीकडं."

"ईरभद्रप्पाला खतासाठी सबूद दिलाय. निम्म्या रानात मेंढरं बसवायची ऱ्हायलीत. कसा हलवू?"

तिची आई अंबुबाई चुलीपुढून म्हणाली, "पावन्यांस्नी सांग की, तेवढ्यापुरतं चालत जावा म्हनून. पाय झिजत्यात व्हय त्येंचे?"

आई नेमकं शुभदाताईंचंच बोलली, आणि त्यामुळंच पूनम जास्त चिडली. "कुणाला चावलं तर मला तोंड दाखवायला जागा उरंल का? म्हणतील, गेलो धनगराच्या घरी आणि हे असं झालं."

'धनगर' हा शब्द तिनं शहरातली माणसं उच्चारतात तसा उच्चारला. धुळा तिच्याकडं बघत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं. पण तो रागावला नाही, त्यानं नुसता डोक्यावरचा पटका नीट केला. "बरं. बांदतो," तो म्हणाला. अंबुबाईनं तोंड उघडलं, तर तिलाच गप्प केलं. "ऱ्हाऊ दे. पोरगी पयल्यांदाच मानसं आनतीया. वढ्यापल्याडच्या बाभळीला बांदतो, म्हंजी दिसायची बी न्हाईत. म्या हाय की काठी घिऊन वाड्यापाशी."

रविवारी मंडळी आली ती सकाळ मात्र अशी उजाडली, की फ्रान्सनंही हेवा करावा. ज्वारीच्या कणसांवर दव होतं. करडई फुलून पिवळीधमक झाली होती आणि तिच्यावरून हलकं धुकं सरकत होतं. पूनमनं आदल्या दिवशी वाटेवरच्या दगडांना हळदीची बोटं लावून ठेवली होती. तो पट्टा ओळखून शुभदाताई लहान मुलीसारख्या हसल्या. "अगं, तिथं इतका वास नव्हता मातीला," त्या धापा टाकत म्हणाल्या. पूनमचा ऊर भरून आला. इतकी वर्षं आपण कुठल्या हे सांगताना ती "सोलापूर" म्हणून थांबायची. आज पहिल्यांदा तिला वळसंगची म्हणून मिरवावंसं वाटत होतं.

वाडा अजून बराच लांब होता तेव्हा ओरडणं सुरू झालं. ते भुंकणं नव्हतं. ते वेडंवाकडं, वर चढत जाणारं होतं, मध्येच तुटायचं आणि पुन्हा उठायचं.

कुमार जागीच थांबला. "कुत्री!"

"बांधलेली आहेत हो," पूनम म्हणाली. "सवय नाही ना बांधून घ्यायची, म्हणून आरडाओरडा."

तरी मंडळी एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिली. पूनमनं ओळखलं. आता ही परत फिरणार, आणि परत जाताना गाडीत काय काय बोलणार. मनातल्या मनात तिनं पांड्याला शिवी घातली. आणि तेवढ्यात आवाज बसला. एकदा घोगरा होऊन आला, आणि मग काहीच नाही.

"बघा," तिचा जीव भांड्यात पडला, "गप झाला. कळतं त्यांना."

सगळे हसले आणि पुन्हा पळायला लागले.

वळणावर धुळा उभा होता. वाड्याकडं पाठ करून, वाट अडवल्यासारखा, हातात काठी घेऊन. डोक्याला पटका नव्हता. पूनमला ते जरा खटकलं, पण त्यानं हात वर करून वाट दाखवली. "जावा, सरळ जावा. थांबू नगा हितं." लोकांनी पळता पळता नमस्कार केले. शुभदाताई म्हणाल्या, "किती रुबाबदार गं तुझे वडील!" आणि पूनम मोठ्या ऐटीत त्यांच्या पुढं गेली.

घरापुढं अंबुबाईनं हुरडा भाजून ठेवला होता. शेंगाची चटणी, गूळ, दही असा थाट होता. माणसं बोटं चाटत खात होती. कुणीतरी म्हणालं, वडिलांना बोलव, सगळ्यांचा एक फोटो काढू. पूनम उठली आणि रानाकडं निघाली.

वाघुरीच्या एका कोपऱ्याची जाळी खाली लोळत होती. तिथं धुळाचा पटका जमिनीवर पसरलेला होता आणि त्याखाली काहीतरी झाकलेलं होतं. पांढऱ्या कापडावर लाल डाग फुटून वर आले होते. एक मेंढी त्या कापडाशी तोंड नेऊन बारीक आवाजात हाका मारत होती. पूनमनं कापड उचललं नाही. ते काय आहे हे कळण्याइतकी ती अजून धनगराची होती. ती ओढ्याकडं पळत सुटली. वाड्याजवळून पळत सुटली, आणि तिच्या अंगावर कुणी आलं नाही.

धुळा बाभळीखाली बसला होता. पांड्याचं डोकं त्याच्या मांडीवर होतं, जीभ बाहेर, निळी पडलेली. झिपरी बाजूला बसून लेकाचे पाय हुंगत होती. म्हातारपणामुळं ती दोरी ओढत बसली नव्हती, म्हणून वाचली.

"एका लांडग्यानं मला बांदाकडं पळवलं," धुळा पांड्याकडंच बघत बोलला. "तवर दुसरा ह्या अंगानं शिरला. एक कोकरू न्हेलं, दोन फाडली. पावनी येत हुती, म्हनून पटका टाकला त्येंच्यावर."

 पूनम खाली बसली.

"उभ्या जल्मात कुत्रं बांदलं न्हवतं गं. मेंढराला मारतो तीच गाठ मारली. सरकती. मेंढराला ओढ बसली की मेंढरू थांबतं." त्यानं पांड्याच्या मानेवरची दोरी चाचपली. ती केसांत रुतून दिसेनाशी झाली होती. "कोकरं वरडाया लागली, ह्यो कसा थांबंल? माज्या ध्यानातच आलं न्हाय. गप झाला, तवा मलाबी बरंच वाटलं. पावनी भ्यायची न्हाईत आता, म्हनलं."

त्यानं पांड्याच्या कानावरची माती झटकली. मग त्यानं विचारलं, "तुमी तवा वाटंवर हुता. तुला आयकू आलं आसंल की. लई येळ वरडला का त्यो?"

पूनमच्या कानात तो आवाज अजून तसाच होता, चढणारा, तुटणारा, पुन्हा उठणारा. आणि त्याच्या मागोमाग स्वतःचा, हसरा.

"न्हाय, आप्पा," ती म्हणाली. किती वर्षांनी तिच्या तोंडात घरची बोली आली होती, आणि आली ती खोटं बोलायला. "वारं उलट्या अंगाचं हुतं. कायबी आयकू आलं न्हाय."

धुळानं मान हलवली. "मग पटकन गेला आसंल," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा जरासा सैल झाला.

पूनमला ओरडून रडायचं होतं. पण जिनं काही ऐकलंच नाही ती इतकी का रडते, हे आप्पांना सांगता आलं नसतं. ती पांड्याच्या मानेतली गाठ सोडवायला बसली, आणि ती सुटत नव्हती.