धुतलेलं रान

परळीत वैजनाथाच्या दर्शनाला येणाऱ्या गाड्या उभ्या करायला जागा पुरत नव्हती आणि स्वप्नाचं रान नेमकं देवळाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून होतं. रान म्हणजे शहरातलंच. औष्णिक वीज केंद्राच्या राखेच्या पडीक जागेवर माती टाकून दाट लावलेले करंज, उंबर, भोकर, बेल. वनस्पतिशास्त्राची पदवी घेतल्यावर ते सांभाळायचं काम तिला मिळालं होतं. आज पर्यटन समिती येणार होती. भाविकांची पायवाट या रानातून न्यायची की झाडं तोडून वाहनतळ करायचा, ते आजच ठरणार होतं.

स्वप्नाने भाषण तयार केलं नव्हतं. तिने दोन पांढरे रुमाल आणले होते. रस्त्याकडच्या उंबराचं पान एकाने पुसायचं, आतल्या उंबराचं दुसऱ्याने आणि दोन्ही समितीपुढे धरायचे. राखेच्या गाड्या दिवसभर त्या रस्त्याने जात. कडेची झाडं राख अंगावर घेतात म्हणून आत चालणाऱ्याला बरं वाटतं, हे मग सांगावं लागलं नसतं. एवढ्यासाठीच तिने पानांवर पाणी मारू दिलं नव्हतं.

फाटकाशी येऊन ती थबकली. सगळी झाडं ठिबकत होती. टँकरजवळ, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, माजी नगरसेवक अर्जुनराव पाइप धरून उभे होते.

"या मॅडम! बगा कसं चमकायलंय!"

"अर्जुनराव, कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला पायजे? पोळ्याला बैल न धुता मिरवित्यात का? पाव्हणे येनार अन् झाडं राख फासून उभी. गावाची इज्जत हाय का न्हाई?"

रानाला पाणी घालणारी छबुबाई बाजूला कमरेवर हात ठेवून उभी होती. "म्या म्हनले, ताई रागवतील. तर म्हनत्यात, तुला काय कळतंय."

"मंग? कळतंय का?"

"तुमाला मातर धुन्यातलं आजच कळाय लागलं. घरी कदी धोतर न्हाई पिळलं."

स्वप्नाला हसू आलं नाही, रागही आला नाही. वाहनतळाच्या विरोधात मागच्या बैठकीत उभा राहिलेला हा एकटाच माणूस. त्याला काय बोलणार?

समिती आली. कडेची झाडं राख अडवतात, हे स्वप्नाचं बोलणं अध्यक्षबाईंनी शांतपणे ऐकलं आणि त्या म्हणाल्या, "मग दाखवा ना."

तिने रस्त्याकडचं पान पुसलं. रुमाल ओला झाला, पण पांढराच राहिला.

"आज सकाळीच झाडं धुतली," ती म्हणाली.

"मग राख अडते हे आम्ही कशावरून मानायचं?"

तेवढ्यात फाटक उघडं बघून दर्शनाहून परतणारं एक कुटुंब आत आलं आणि सावलीत विसावलं. अध्यक्षबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी उंबराखाली उभं राहून स्वतःचा एक फोटो काढून घेतला.

"इतकी स्वच्छ झाडं मी या भागात पाहिली नव्हती. पायवाट इथूनच जाऊ द्या. अट एकच, रोज अशीच धुतलेली हवीत. भाविकांचे कपडे मळायला नकोत."

"रोज?" स्वप्नाने विचारलं. "उन्हाळ्यात रोपांनाच पाणी पुरत नाही."

"करू की मॅडम!" अर्जुनराव मधेच म्हणाले. "त्यात काय लई मोठं हाय?"

समिती निघाली. स्वप्ना त्यांना पोचवायला रस्त्यापर्यंत गेली. राखेच्या दोन-तीन गाड्या तिच्या जवळून गेल्या. परत येऊन ती कट्ट्यावर बसली. रान वाचलं होतं. तिने न वापरलेला दुसरा रुमाल काढून तोंड पुसलं. त्यावर करडा पट्टा उमटला. तिने रुमाल घडी घालून ठेवून दिला.

छबुबाई पाइप गुंडाळत होती. "रोपांचं पानी आता पानांवर मारायचं म्हना की. उद्या कुठून धरू, ताई?"

"रस्त्याकडून," स्वप्ना म्हणाली.